परदेशी राहणाऱ्या मुलांचं बडोद्याचं लायसन चालू ठेवावं का, आणि कसं?

कारेलीबागकर:
नमस्कार मंडळी. बडोद्यातल्या पुष्कळ मराठी घरांतून मुलं बाहेर गेलेली आहेत, म्हणून हा विषय इथे मांडतोय. माझी मुलगी जर्मनीत हॅनोवरला, मुलगा कॅनडात ओंटारियोला. दोघांची लायसनं जीजे-०६ ची, म्हणजे बडोदा आरटीओची. मुलीने २००७ च्या मार्चमध्ये काढलं, तेव्हा ती एम. एस. युनिव्हर्सिटीत दुसऱ्या वर्षाला होती. त्या वेळच्या नियमाने वीस वर्षांची मुदत मिळाली, म्हणजे मार्च २०२७ ला संपणार. मुलाचं २०११ चं, त्याला अजून अवकाश आहे.

मुलीने तिकडची लेखी आणि रस्त्यावरची, दोन्ही परीक्षा दिल्या, पास झाली. आता तिथलं ऑफिस म्हणतंय की जर्मन लायसन हातात देताना भारतीय लायसन जमा करून घेऊ. तिचा फोन आला, "बाबा, देऊन टाकू का? तिकडे येऊन किती चालवते मी?"

माझं मत आधीच सांगतो. देऊन टाकू नये, मरूही देऊ नये. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मी रात्रीची गाडी सोडली आहे. उत्तरायणाला, म्हणजे जानेवारीत संक्रांतीला, मुलं येतात तेव्हा पोर्चमधली गाडी खऱ्या अर्थाने बाहेर निघते. हिच्या गुडघ्याचे डॉक्टर, नातेवाइकांकडची जेवणं, एक्स्प्रेस हायवेने अहमदाबादच्या विमानतळापर्यंत सोडणं-आणणं, हे सगळं त्यांच्या हातून होतं. त्यांचं लायसन चालू असणं ही त्यांच्यापेक्षा आमची गरज आहे.

पण कायदा काय म्हणतो, कुठे काय जमा करावं लागतं आणि इथलं काम कधी उरकायचं, हे जाणकारांनी सविस्तर सांगावं. एकेका देशातला अनुभव असेल तर तोही लिहा.

मांजलपूर_मोटर_ट्रेनिंग:
काका, नमस्कार. माझं मांजलपूरला ड्रायव्हिंग स्कूल आहे, रोज हेच काम. तुमच्या मुलीसारख्या केसेस सध्या खूप येतायत, कारण २००६-०७ ला कॉलेजात असताना ज्यांनी लायसन काढलं त्या सगळ्यांची वीस वर्षं आत्ता भरतायत. त्यातले निम्मे बाहेर.

सगळ्यात महत्त्वाचं आधी. २०१९ ला मोटार वाहन कायदा बदलला तेव्हा दंडाच्या आकड्यांचाच गाजावाजा झाला. मुदतीचे नियम बदलले ते लोकांच्या लक्षातच आलं नाही. पूर्वी मुदत संपल्यावर तीस दिवसांची सवलत होती, त्या महिन्यात लायसन चालू धरलं जायचं. ती सवलत गेली. आज तारीख संपली की उद्या तुम्ही बिनलायसनचे. आणि पूर्वी पाच वर्षांपर्यंत परीक्षेशिवाय नूतनीकरण होत होतं, ते आता एका वर्षावर आलंय. मुदत संपून एक वर्ष उलटलं की पुन्हा ट्रॅकवर टेस्ट द्यायची.

ही टेस्ट सोपी समजू नका. दर्जीपुऱ्याच्या आरटीओत ती ऑटोमॅटिक ट्रॅकवर होते. आठचा आकडा, रिव्हर्समध्ये एस, पॅरलल पार्किंग आणि चढण. चढणीवर गाडी थांबवायची आणि मागे न घरंगळता पुन्हा उचलायची. अमेरिका-कॅनडात वर्षानुवर्षं ऑटोमॅटिक गाडी उजव्या बाजूने चालवलेला माणूस नेमका इथे अडकतो. डावा पाय क्लच विसरलेला असतो. माझ्याकडे अशी मुलं येतात, गाडी चालवण्यात मुरलेली असतात, तरी पहिल्या दिवशी चढणीवर गाडी दोन फूट मागे येतेच. सुट्टी तीन आठवड्यांची, त्यात अपॉइंटमेंट, सराव, टेस्ट, नापास झालं तर पुन्हा तारीख. सगळी सुट्टी त्यातच जाते.

दुसऱ्या बाजूने एक चांगला बदल झालाय. मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून अर्ज करता येतो, म्हणजे दोन्ही बाजूंनी एकेक वर्ष मिळतं. तुमच्या मुलीची मुदत मार्च २०२७, तेव्हा मार्च २०२६ नंतरच्या कुठल्याही फेरीत काम होऊ शकतं. उत्तरायणाला येणार असेल तर तेव्हा नक्की उरका.

नवीन मुदत वयावर ठरते. तिशीच्या आत असाल तर चाळिसाव्या वर्षापर्यंत. तीस ते पन्नासमध्ये दहा वर्षं. पन्नास ते पंचावन्नमध्ये साठाव्या वर्षापर्यंत. पंचावन्नच्या पुढे पाच-पाच वर्षं. म्हणजे मुलीला दहा वर्षं मिळतील. चाळिशी ओलांडलेली असेल तर डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं, फॉर्म १-ए. तिला ते लागणार नाही, स्वतःच्या तब्येतीचं घोषणापत्र पुरेल.

अलकापुरीची_आत्या:
मला वेगळं वाटतं, राग मानू नका. मुलं वर्षादोन वर्षांनी चार दिवस येतात. त्या चार दिवसांत त्यांनी आरटीओच्या रांगेत उभं राहायचं? माझा भाचा येतो तेव्हा आम्ही महिन्यासाठी ड्रायव्हर ठेवतो. शहरात रिक्षा आहे, फोनवर टॅक्सी येते. आपल्याकडचं ट्रॅफिक बघितलंत ना? मांडवीपासून लहरीपुऱ्यापर्यंत संध्याकाळी गाडी काढून दाखवा. तिकडच्या शिस्तीत राहिलेल्या मुलाने इथे स्टिअरिंग धरलं की माझा जीव टांगणीला लागतो. जे लायसन वर्षातून वीस दिवस लागतं त्याच्यासाठी एवढा आटापिटा कशाला?

वारसिया_सून:
आत्या, तुमची काळजी अगदी खरी आहे. पण आमच्या घरी काय झालं ते सांगते. गेल्या हिवाळ्यात माझे दीर न्यूजर्सीहून आले होते. रात्री दोनच्या सुमाराला सासऱ्यांच्या छातीत दुखायला लागलं. ड्रायव्हर सकाळी नऊला येणारा. माझे मिस्टर कामासाठी सुरतेला. मला गाडी येत नाही. दीर दारात किल्ली हातात घेऊन उभे आणि लायसनची मुदत संपून काही महिने झालेले. ते काही न बोलता किल्ली घेऊन शेजारच्या दारावर गेले, शेजारच्या मुलाला उठवलं, त्याने गाडी काढली. सासरे बरे आहेत, देवाची कृपा. पण पंचवीस वर्षं गाडी चालवणारा मुलगा बापाचं डोकं मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसला होता, आणि पुढे शेजारचा मुलगा. तेव्हापासून आमच्याकडे या विषयावर दुमत नाही. परत जायच्या आधी त्यांनी नूतनीकरण करून घेतलं. वर्षाच्या आतली केस होती म्हणून टेस्ट लागली नाही.

अलकापुरीची_आत्या:
वाचून अंगावर काटा आला गं. ड्रायव्हर रात्री नसतो हे खरंच. सासऱ्यांना माझा नमस्कार सांग.

रावपुऱ्याचा_सर्व्हेअर:
मी गाड्यांच्या विम्याचे सर्व्हे करतो. मुलांना किल्ली देणाऱ्या आईवडिलांसाठी लिहितो, कारण इथे मुख्य भार त्यांच्यावर येतो.

कारेलीबागकर काका, गाडी तुमच्या नावावर असणार. वैध लायसन नसलेल्याच्या हातात गाडी दिली तर कायद्यात मालकालाही वेगळा दंड आहे. केंद्राच्या कायद्याप्रमाणे बिनलायसन चालवणाऱ्याला पाच हजार. गुजरात सरकारने २०१९ च्या सप्टेंबरात हे आकडे खाली आणले, दुचाकीला दोन हजार आणि बाकीच्यांना तीन हजार. पण दंड ही किरकोळ बाब आहे.

खरी भीती अपघाताची. चालवणाऱ्याचं लायसन संपलेलं असेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम बहुधा नामंजूर होतो. आणि समोरच्या माणसाला इजा झाली तर? सर्वोच्च न्यायालयाने स्वरणसिंग खटल्यात २००४ साली जे ठरवलं त्या धर्तीवर न्यायाधिकरण विमा कंपनीला सांगतं की जखमीला पैसे आधी द्या आणि नंतर गाडीमालकाकडून वसूल करा. जखमीच्या दृष्टीने ते योग्यच आहे, त्याने कुणाचं लायसन तपासून धडक खाल्लेली नसते. पण वसुलीची नोटीस येते ती पेन्शनवर जगणाऱ्या बापाच्या नावाने. मुलगा तोवर परत गेलेला असतो. अशी कागदपत्रं मी पाहिली आहेत. रक्कम लाखांत असते.

म्हणून मुलं उतरली की पासपोर्टसोबत लायसनची तारीखही बघा. तारीख गेलेली असेल तर नूतनीकरण होईपर्यंत किल्ली देऊ नका, अगदी कोपऱ्यावरून दूध आणायलासुद्धा. वर्षाच्या आत टेस्टशिवाय नूतनीकरण होतं याचा अर्थ त्या वर्षात गाडी चालवता येते असा नाही. माझ्याकडे येणारे दहातले सात जण हीच गल्लत करतात.

सयाजीगंज_१९९१:
एक शंका. परदेशातलं लायसन घेतलं की भारतातलं आपोआप रद्द होतं असं मला एकाने सांगितलं. एका माणसाला दोन लायसनं ठेवता येत नाहीत म्हणे.

रावपुऱ्याचा_सर्व्हेअर:
नाही. हा गैरसमज मोटार वाहन कायद्याच्या कलम ६ वरून आला आहे. एका माणसाने दोन ड्रायव्हिंग लायसनं बाळगू नयेत असं ते म्हणतं खरं, पण त्या कायद्यात ड्रायव्हिंग लायसन म्हणजे याच कायद्याखाली भारतातल्या अधिकाऱ्याने दिलेलं लायसन, अशी व्याख्या आहे. म्हणजे बडोद्याचं एक आणि पुण्याचं एक, असं चालत नाही. जर्मनीचं किंवा कॅनडाचं त्यात येत नाही. परदेशी स्थायिक झालात म्हणून इथलं लायसन परत करा असंही आपला कायदा सांगत नाही. जमा करायची अट येते ती तिकडच्या देशाच्या नियमातून, आणि ती प्रत्येक देशाची निराळी.

लाइडनहून_राजेश्री:
नेदरलँड्सचं मी सांगते. माहेर दांडिया बाजार, सध्या लाइडन. इथे रहिवासी झाल्यावर भारतीय लायसनवर १८५ दिवस गाडी चालवता येते, पुढे नाही. बाहेरून कुशल कामगार म्हणून आलेल्यांना आयकरात जी तीस टक्क्यांची सवलत मिळते, ती ज्यांच्याकडे आहे त्यांना भारतीय लायसन परीक्षेशिवाय डच लायसनमध्ये बदलून मिळतं. नगरपालिकेत अर्ज द्यायचा. इथली परीक्षा महाग आणि अवघड, त्यामुळे ही सोय म्हणजे मोठीच गोष्ट आहे. बदल्यात भारतीय कार्ड ते ठेवून घेतात. आणि अदलाबदलीसाठी ते चालू मुदतीचं हवं. म्हणून म्हणते, बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाने निघण्याआधी तारीख बघावी. माझ्या ऑफिसातल्या एकाला सगळी सवलत असून परीक्षा द्यावी लागली, केवळ भारतीय लायसनची मुदत संपलेली होती म्हणून.

गोत्री_रोड_स्वप्नील:
यावर सोपा उपाय आहे. निघण्याआधी लायसन हरवलं म्हणून पोलिसात लिहून द्यायचं आणि डुप्लिकेट काढायचं. एक तिकडे जमा करायचं, एक आपल्याजवळ. बरेच जण करतात.

मांजलपूर_मोटर_ट्रेनिंग:
स्वप्नीलभाई, हे कृपा करून कुणाला सांगू नका. डुप्लिकेट फक्त हरवलेल्या, फाटलेल्या किंवा नष्ट झालेल्या लायसनचं मिळतं. खिशात असताना हरवलं असं लिहून सही करणं म्हणजे सरकारी अधिकाऱ्याला खोटं लिहून देणं. आणि हरवलेलं नंतर सापडलं तर ते परत करायची जबाबदारी आपल्यावर असते. ज्याचा व्हिसा, नोकरी, पुढची नागरिकता कागदांवर चाललेली आहे त्याने एका प्लॅस्टिकच्या कार्डासाठी हा डाग लावून घेऊ नये. माझ्या स्कूलमध्ये कुणी असं मागायला आलं तर मी सरळ नाही म्हणतो, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

गोत्री_रोड_स्वप्नील:
मान्य. इतका विचार केला नव्हता.

हॅनोवर_ते_हरणी:
काका, मी तुमच्या मुलीच्याच गावात राहतो, मूळचा हरणी रोडचा. जर्मनीचं नीट सांगतो, कारण इथे अर्धवट माहिती फार फिरते.

इथे राहायला आल्यापासून सहा महिने भारतीय लायसनवर गाडी चालवता येते. पुढे जर्मन लायसन घ्यावंच लागतं. काही देशांची लायसनं परीक्षेशिवाय बदलून मिळतात, त्या यादीत भारत नाही. आपल्याला लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्ही द्याव्या लागतात. मात्र भारतीय लायसन असल्यामुळे नवशिक्यांना सक्तीचे असलेले ठरावीक तास आपल्याला लागू नसतात. तेवढ्याने बराच खर्च वाचतो.

जमा करण्याबद्दल. इथल्या परवाना नियमावलीत कलम ३१ आहे. त्याप्रमाणे जुन्या लायसनच्या आधारावर नवं देताना जुनं घेऊनच नवं द्यायचं. ज्या देशाशी करार आहे तिथे ते परत पाठवतात, बाकीची ऑफिसात सांभाळून ठेवतात. लोक इथेच वाचणं थांबवतात. त्याच कलमात पुढे तीन गोष्टी आहेत. एक, जर्मन लायसन परत दिलं तर आपलं मूळ लायसन परत मिळू शकतं. दुसरी, योग्य कारण असेल तर ऑफिस जमा करून घेण्याचा आग्रह सोडू शकतं. तिसरी म्हणजे ठेवलेली लायसनं तीन वर्षांनी नष्ट करायची मुभा त्यांना आहे.

दुसऱ्या गोष्टीचा उपयोग करा. कार्ड द्यायच्या वेळी तोंडी हुज्जत घालण्यात अर्थ नाही, आधी लेखी विनंती करावी. वृद्ध आईवडील बडोद्यात आहेत, दरवर्षी जावं लागतं, तिथे गाडी चालवावी लागते, असं साध्या जर्मनमध्ये. आईच्या उपचारांचे कागद असतील तर जोडावेत. ऐकणं न ऐकणं सर्वस्वी अधिकाऱ्याच्या हातात आहे. माझं ऐकलं, माझ्या मित्राचं दुसऱ्या गावात ऐकलं नाही.

नाही ऐकलं तरी जीव लहान करायचं कारण नाही. कार्ड त्यांच्या कपाटात राहील, पण भारतातल्या सारथीच्या, म्हणजे सरकारच्या लायसनच्या साइटच्या, नोंदीत लायसन चालूच राहतं. जर्मन ऑफिस ते रद्द करत नाही, तो त्यांचा अधिकारच नाही. डिजिलॉकरमधलं लायसन कागदी लायसनइतकंच ग्राह्य धरावं असं केंद्राने २०१८ मध्ये राज्यांना कळवलेलं आहे. मुलगी उत्तरायणाला आली आणि चौकात पोलिसाने थांबवलं तर फोनमधलं लायसन दाखवता येतं.

त्यामुळे क्रम असा ठेवा असं मला वाटतं. आधी बडोद्याला नूतनीकरण, कारण अर्जासोबत जुनं लायसन लागतं. मग डिजिलॉकरमध्ये नवी तारीख दिसतेय का ते बघायचं. आणि मग इथे लेखी विनंती. उत्तरायणापर्यंत थांबणं तिला परवडणार असेल तर थांबावं.

कारेलीबागकर:
हे फार मोलाचं सांगितलंत. तिच्या घरापासून ट्राम आहे, दोन-तीन महिने थांबायला अडचण नाही. आजच बोलतो तिच्याशी. आता कुणी ओंटारियोचं सांगा.

मिसिसागाची_मेघना:
काका, मी सांगते. ओंटारियोत राहायला आल्यावर साठ दिवस भारतीय लायसन चालतं. मग इथल्या पायऱ्या, जी-१, जी-२ आणि जी. नवशिक्याला हे पार करायला बराच काळ लागतो, मधे थांबायची सक्ती असते. पण आधीचा अनुभव दाखवता आला तर ते थांबणं वाचतं. दोन वर्षांहून जास्त अनुभव असेल तर लेखी परीक्षेनंतर थेट शेवटची रस्त्यावरची परीक्षा देता येते.

मेख अशी की स्वतःच्या शब्दावर ते एक वर्षापर्यंतचाच अनुभव धरतात. त्याहून जास्तीसाठी मूळ देशाच्या अधिकाऱ्याचं किंवा वकिलातीचं पत्र लागतं. माझं लायसन २००९ चं, नूतनीकरण केलेलं, सारथीवर दिसणारं, म्हणून पत्राला त्रास पडला नाही. माझ्या जावेचं लायसन जुन्या पुस्तकातलं, सारथीवर कुठेच नाही. तिच्या हातात पंधरा वर्षांचा अनुभव होता आणि कागदावर काहीच नाही. थंडीत बसस्टॉपवर उभी राहून तिने अख्खा हिवाळा काढला. तुमचा मुलगा हे सगळं पार करून बसलाय, पण ज्यांची मुलं आता निघतायत त्यांनी सारथीवरून लायसनचा उतारा काढून सोबत द्यावा. साइटवर डीएल एक्स्ट्रॅक्ट नावाने सेवा आहे.

आणि काका-काकू, तुम्ही इथे फिरायला याल तेव्हा तीन महिन्यांच्या आत असाल तर तुमचं भारतीय लायसन चालतं. सोबत आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणा.

फतेगंज_फिलॉसॉफर:
तो आंतरराष्ट्रीय परवाना नेमका काय असतो? माझ्या समजुतीने तो असला की इथलं लायसन नसलं तरी चालतं.

मांजलपूर_मोटर_ट्रेनिंग:
नाही, उलटं आहे. तो आपल्या लायसनचा अनेक भाषांतला उतारा आहे. १९४९ च्या जिनिव्हा करारातून तो आला, भारत त्या करारात आहे. मूळ लायसन सोबत नसेल तर एकट्याला किंमत नाही. मुदत एक वर्ष, आणि मूळ लायसन त्याआधी संपत असेल तर तेवढीच. म्हणजे पुन्हा सगळं बडोद्याच्या कार्डावर येऊन थांबतं. फी एक हजार रुपये, फॉर्म ४-ए.

२०२१ च्या जानेवारीत यात चांगली सुधारणा झाली. परदेशात असताना हा परवाना संपला तर तिथल्या भारतीय वकिलातीमार्फत अर्ज करता येतो. तो इथल्या आरटीओकडे येतो आणि नवा परवाना तिकडच्या पत्त्यावर कुरिअरने जातो. इथून काढताना पूर्वी व्हिसा आणि डॉक्टरचा दाखला दाखवावा लागायचा, ती अटही गेली.

देरा_दुबईतून:
आखातातल्यांसाठी दोन ओळी. अमिरातीत फिरायला आलात तर आंतरराष्ट्रीय परवान्यावर गाडी चालवता येते, पण राहण्याचा व्हिसा लागला की नाही. मग इथलंच काढायचं, आणि भारतीयांना परीक्षा आहे. दुबईत गोल्डन चान्स म्हणून एक सोय आहे. चालू मुदतीचं भारतीय लायसन असेल तर क्लास न लावता एकदाच परीक्षेला बसता येतं. पास झालात तर हजारो दिरहॅम वाचतात. माझा धाकटा भाऊ असाच पास झाला. त्याचं लायसन मी निघण्याआधी नवं करून घ्यायला लावलं होतं.

लेस्टरकर_नीलिमा:
ब्रिटनचं थोडक्यात. रहिवासी झाल्यापासून बारा महिने भारतीय लायसन चालतं, अदलाबदल होत नाही, प्रोव्हिजनल म्हणजे शिकाऊ लायसन काढून लेखी आणि रस्त्यावरची, दोन्ही परीक्षा द्यायच्या. भारतीय लायसन बदलून घेण्याचा प्रश्नच नसल्याने ते आपल्याकडेच राहतं. भारतात ते संपलं असेल आणि लगेच जायचं असेल तर इथल्या लायसनवर भारतासाठी १९४९ चा आंतरराष्ट्रीय परवाना काढता येतो. २०२४ च्या एप्रिलपासून तो पेपॉइंटच्या दुकानांत साडेपाच पौंडांत मिळतो. मी एकदा तो घेऊनच आले होते.

निजामपुऱ्याचे_जोशीकाका:
माझ्या मुलाचं लायसन १९९८ चं, पुस्तकाच्या आकाराचं, आत फोटोवर शिक्का. मेघनाताईंनी लिहिलं ते वाचून मी अस्वस्थ झालो. ते संगणकावर आहे की नाही हे कसं कळणार? तो मेलबर्नला आहे.

मांजलपूर_मोटर_ट्रेनिंग:
काका, मुलाला डिजिलॉकर उघडून लायसन नंबर टाकायला सांगा. आलं तर नोंद आहे. नाही आलं तर आधी नंबर बरोबर लिहिलाय का बघा. आताच्या नंबरात जीजे०६, मग वर्षाचे चार आकडे, मग सात आकडे, असं असतं. जुन्या नंबरात आडव्या रेघा आणि कमी आकडे असतात, पुढे शून्यं घालून सात आकडे पुरे करावे लागतात. तरीही नाही आलं तर बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागेल. जुनं पुस्तक घेऊन दर्जीपुऱ्याला जायचं, ते त्यांच्या रजिस्टरशी ताडून नोंद चढवतात. म्हणून ते पुस्तक मुलाजवळ ठेवू नका, पुढच्या खेपेला सोबत आणायला सांगा आणि इथेच जपून ठेवा. १९९८ चं म्हणजे त्याची वीस वर्षं संपलेली असणार. मधे नूतनीकरण केलं नसेल तर टेस्टची तयारी ठेवूनच त्याला बोलवा. माझ्याकडे आला तर चढणीचा सराव मी स्वतः करून घेईन.

निजामपुऱ्याचे_जोशीकाका:
मधे एकदा केलेलं आहे असं तो म्हणतोय. आता रात्री डिजिलॉकर बघणार आहे.

वारसिया_सून:
मुलींच्या बाबतीत एक जपा. लायसन माहेरच्या नावाचं, आधार सासरच्या नावाचं, पासपोर्टावर तिसरंच काहीतरी, असं झालं की ऑनलाइन अर्ज पुढे जात नाही. परदेशी ऑफिसही विचारतं. नूतनीकरणाच्याच वेळी नाव सारखं करून घ्यावं, लग्नाचा दाखला जवळ ठेवावा.

कारेलीबागकर:
हे आमच्याकडे ठीक आहे, तिने नाव बदललेलं नाही. काल रात्री तिच्याशी सविस्तर बोललो. ती उत्तरायणापर्यंत जर्मन लायसन उचलणार नाही, आणि ऑफिसला द्यायची विनंती लिहायला घेतली आहे. हॅनोवर_ते_हरणी यांना विचारून मसुदा दाखवणार म्हणाली. हिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचे कागद मी स्कॅन करून पाठवले.

आता शेवटची शंका. आधार वापरून घरबसल्या नूतनीकरण होतं असं ऐकलं. मग ती हॅनोवरहूनच का करू नये? आणि कार्ड कुठे येईल?

मांजलपूर_मोटर_ट्रेनिंग:
होतं काका. टेस्ट न लागणाऱ्या कामांसाठी २०२१ पासून आधारच्या ओळखीवर आरटीओत न जाता अर्ज करता येतो. पण ओटीपी येतो आधारला जोडलेल्या मोबाइलवर. तिचा भारतातला नंबर चालू असेल आणि रोमिंगवर एसएमएस मिळत असेल तर प्रयत्न करू शकते. बऱ्याच मुलांचं इथेच अडतं, रिचार्ज न केल्याने नंबर बंद पडतो आणि पुढे कंपनी तो दुसऱ्याला देते. नंबर गेला असेल तर आधी आधारला नवा नंबर जोडून घ्यावा लागतो. नाव आणि जन्मतारीख आधारवर आणि लायसनवर अक्षरशः सारखी हवी.

कार्ड पोस्टाने लायसनवरच्या पत्त्यावर येतं. तुमचा कारेलीबागचा पत्ता तसाच असेल तर तुमच्याच हातात पडेल. घर बदललं असेल तर पत्ता आधी दुरुस्त करा.

कारेलीबागकर:
पत्ता तोच, घर तेच. तिचा इथला नंबर मीच दर महिन्याला रिचार्ज करतो, तो चालू आहे. आज तिला आधार आणि लायसनचा फोटो समोरासमोर ठेवून नावाचं स्पेलिंग बघायला सांगतो. जुळलं तर या रविवारीच अर्ज भरू, नाही तर जानेवारीत तुमच्याकडे घेऊन येतो.